जुनी मच्छीमार नौका: दुरुस्ती आणि विक्री

हर्णै, मिरकरवाडा किंवा ससून गोदीत विक्रीस निघालेली जुनी लाकडी यांत्रिक नौका पाहावयास जाणाऱ्याने तिच्या ताज्या रंगावर दृष्टी न खिळविता प्रथम पाणरेषेखालच्या फळ्या टोचणीने तपासाव्यात; कारण कृमीसारखा दिसणारा, परंतु वस्तुतः शिंपल्यांच्या वर्गातला टेरेडो हा प्राणी लाकूड आतून पोखरून टाकतो आणि बाहेर मात्र सूक्ष्म छिद्रच ठेवतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्याहून डेकवरून झिरपून आत साचणारे पावसाचे गोडे पाणी लाकडास अधिक कुजविते, ही गोष्ट अनुभवी सुतार जाणतात, खरेदीदार बहुधा विसरतात. ओल्या फळ्यांवर फायबरचा थर चढवून नौका नवी भासविणे हा तर माझ्या मते उघड अपायच होय, कारण कोंडलेली ओल आतल्या आत लाकूड सडवीत राहते. सडका भाग काढून, उरलेला पूर्ण वाळवूनच पुढील काम हाती घ्यावे. १ जूनपासूनची मासेमारीबंदी या कामास सोयीची वाटली, तरी पावसाळी हवेत लाकूड वाळत नाही.

विक्रीच्या वेळी केवळ खरेदीखत पुरेसे नसून नोंदणीवरील मालकाचे नाव बदलणे, महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये लागणारा परवाना आपल्या नावे मिळविणे आणि कर्जाचा बोजा वा थकबाकी शिल्लक नसल्याची खातरजमा करणे आवश्यक आहे. बदललेल्या फळ्यांची व इंजिनाच्या दुरुस्तीची यादी विक्रेत्याने लेखी द्यावी, आणि खरेदीदाराने ती निःसंकोच मागून घ्यावी.