यकृताचा कडकपणा : यंत्राचा आकडा कितपत खरा?

गेल्या महिन्यात एक गृहस्थ दवाखान्यात आले. हातात फायब्रोस्कॅनचा रिपोर्ट, चेहरा उतरलेला. "डॉक्टर, ९.४ आलंय. लिव्हर गेलं का माझं?" अशी विचारणा हल्ली वरचेवर होते, म्हणून आज या आकड्याविषयी.

आम्ही शिकत होतो तेव्हा यकृत तपासायचे ते बोटांनीच. उजव्या बरगडीखाली हात ठेवून रोग्याला खोल श्वास घ्यायला लावायचा. निरोगी यकृत मऊ लागते. दारू, बी व सी प्रकारची कावीळ किंवा साठलेली चरबी यांमुळे त्यात वर्षानुवर्षे व्रणाचे तंतू वाढतात आणि ते टणक होते. पण बोटांना आकडा सांगता येत नाही.

तो सांगणारे यंत्र पॅरिसमध्ये तयार झाले. २००३ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. बरगड्यांच्या फटीत प्रोब टेकवून हलकी टिचकी दिली जाते. तिची लहर यकृतातून जाते आणि सोनोग्राफी तिचा वेग टिपते. ताणलेल्या दोरीवरून लहर जशी झपाट्याने धावते, तशी कडक यकृतातूनही. वेग दुप्पट झाला तर कडकपणा चौपट धरतात. मऊ यकृतात ही लहर सेकंदाला सुमारे सव्वा मीटर जाते, म्हणजे ५ किलोपास्कलच्या आसपास.

आता हे बरोबर कशावरून? दुकानदाराचा तराजू प्रमाणित वजन ठेवून तपासतात, तसेच येथे करतात. जिलेटिन किंवा अगार (आपला चायनाग्रास) यांचे कमीअधिक घट्ट ठोकळे बनवायचे, त्यांवर यंत्र चालवायचे, मग त्याच मिश्रणाचा तुकडा दाबयंत्रात ठेवून किती जोराने किती दबतो ते मोजायचे. ठोकळ्यांवर दोन्ही उत्तरे बऱ्यापैकी जुळतात.

पंचाईत होते ती खऱ्या यकृताची. जिवंत माणसाचे यकृत काढून दाबता येत नाही. जनावराचे घ्यावे, तर बाहेर काढताच त्यातले रक्त ओसरते, ते थंड पडते. शिवाय दाबयंत्र हळू दाबते आणि प्रोबची थरथर सेकंदाला ५० च्या गतीची. मळलेल्या कणकेत बोट हळू दाबले तर रुतते, टिचकी मारली तर तीच कणीक घट्ट लागते. म्हणून एकाच यकृताचे दोन आकडे येतात आणि दोन्ही आपापल्या जागी खरे असतात. तुलना करायची तर तापमान, दाब, गती सारे सारखे ठेवावे लागते.

म्हणून माणसात ताळा पाहिला गेला तो मुख्यतः बायोप्सीशी. सुईने निघणारा तुकडा यकृताचा जेमतेम पन्नास हजारावा भाग. यंत्र त्याच्या शंभरपट भाग पाहते. पण बायोप्सी व्रण दाखवते, यंत्र कडकपणा. नेमका येथेच घोटाळा होतो. जेवणानंतर यकृतात रक्त वाढते, आकडाही वाढतो. ऐन कावीळ, पित्तनलिकेतील अडथळा, दुबळ्या हृदयामुळे तुंबलेले रक्त, यांतही व्रण नसताना आकडा चढतो. पोटात पाणी झाले असेल तर लहर आत पोचतच नाही.

तेव्हा तपासणीपूर्वी किमान तीन तास काही खाऊ नये. दहा मोजमापे घेतली आहेत ना, हे रिपोर्टवर पाहावे. त्यातल्या 'आयक्यूआर'ची टक्केवारी ३० च्या वर असेल तर मोजमापांत फार तफावत आहे, आकडा जपून घ्यावा. दुसऱ्या प्रकारच्या मशीनवरचा आकडा शेजारी ठेवून घट-वाढ ठरवू नये. दुसरा काही त्रास वा खूण नसेल आणि आकडा १० च्या खाली असेल तर यकृताचा गंभीर आजार सहसा नसतो. १५ च्या वर गेला तर मात्र पोटविकारतज्ज्ञांकडे जाण्यात दिरंगाई नको.

आमचे गृहस्थ त्या दिवशी लग्नाचे जेवण उरकून थेट तपासणीला गेले होते. कोणी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. आठवड्याने उपाशीपोटी त्याच मशीनवर पुन्हा केली तेव्हा आकडा आला ६.७. सोनोग्राफीत चरबी होतीच. ती कमी करण्याचे मात्र त्यांच्या अजून मनावर येत नाही.