अकरा जणांची साखळी

प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच अर्ध्यात गाठून चेंडू हिसकावण्याच्या खेळाला फुटबॉलमध्ये ‘प्रेसिंग’ म्हणतात. आज दूरचित्रवाणीवर युरोपातले सामने बघणाऱ्या मुलांना ते नुसतं धावणं वाटतं. अशा मुलाला मी आधी कबड्डी बघायला नेईन. साखळीतले दोन गडी चढाई करणाऱ्यावर एकदम झेपावले तर पकड. एकटा उतावळेपणाने सुटला तर गुण गेला!

इटलीच्या आरिगो साकीने ही साखळी अकरा जणांची केली. हा गृहस्थ नावाजलेला खेळाडू कधीच नव्हता. वडिलांच्या कारखान्यातले बूट विकता विकता प्रशिक्षक झालेला. १९८७ साली मिलान क्लबने त्याला नेमलं तेव्हा इटलीतल्या जाणकारांनी नाकं मुरडली.

त्याची मांडणी साधी होती: बचावात चार, मधल्या फळीत चार, पुढे दोन. खरी मेख अंतरात होती. सर्वांत पुढचा गडी आणि शेवटचा बचावपटू यांच्यात पंचवीस-तीस मीटरहून अधिक जागा नको, हा त्याचा हट्ट. चेंडू गेला की जवळचा गडी थेट अंगावर जाई. बाकीचे पास देण्याच्या वाटा बुजवत, आणि मागची फळी मध्यरेषेकडे सरके. तिच्या डोक्यावरून लांब चेंडू मारला तर? फ्रँको बारेसीच्या इशाऱ्यावर चौघे एकदम पुढे येत आणि प्रतिस्पर्धी ऑफसाइड ठरे. त्या वेळी बचावपटूच्या रेषेत असणाराही ऑफसाइडच धरला जाई. तो नियम १९९० मध्ये बदलला. शिवाय नव्वद मिनिटं कोणी असं धावू शकत नाही. म्हणून कधी पुरा दाब, कधी अर्धा, तर कधी दम खाण्यासाठी नुसता देखावा.

सराव तर चेंडूशिवाय चाले. कल्पनेतला चेंडू कुठे आहे ते साकी ओरडून सांगे आणि सगळा संघ त्यानुसार सरके. रूड गुलिट आणि मार्को व्हॅन बास्टेन यांना हे पटेना. तेव्हा त्याने गोलरक्षक गॅली, तासोती, माल्दिनी, कोस्ताकुर्ता आणि बारेसी अशा पाच जणांविरुद्ध दहा जण सोडले. पंधरा मिनिटांत दहांना एक गोल करता आला नाही.

१९ एप्रिल १९८९ रोजी युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत मिलानने रिअल माद्रिदला ५-० असं धुतलं. पाच गोल पाच वेगवेगळ्या खेळाडूंचे! अंतिम सामन्यात स्टाउआ बुखारेस्टवर ४-०, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच कप.

पण अशा साखळीत प्रतिभावंताने काय करायचं? कादंबरीकार म्हणून मला हा प्रश्न छळतो. व्हॅन बास्टेनचं साकीशी शेवटी जमेना. साकीने १९९१ मध्ये मिलान सोडलं आणि इटलीचा राष्ट्रीय संघ हाती घेतला. १९९४ च्या विश्वचषकात नॉर्वेविरुद्ध इटलीचा गोलरक्षक पाग्लियुका बाहेर काढला गेला. बदली गोलरक्षकासाठी कोणाला तरी बसवणं भाग होतं. साकीने बसवलं रॉबर्टो बॅजिओला, आदल्या वर्षी युरोपातला सर्वोत्तम ठरलेल्या खेळाडूला! हा माणूस वेडा आहे की काय, असं बॅजिओ पुटपुटल्याचं साऱ्या जगाने पाहिलं.

इटलीने सामना १-० जिंकला. दहा जणांत न धावणारा एकही परवडत नाही, हा साकीचा हिशेब बिनचूक होता. तरी माझं मन बॅजिओकडेच झुकतं. कारण पुढच्या तीन बाद सामन्यांत इटलीने केलेल्या सहा गोलांपैकी पाच त्याचे. अमेरिकेतल्या भर उन्हात दाबाचा खेळ पेलत नव्हता, तेव्हा साकीचा संघ त्या एका माणसाच्या पायांवर अंतिम फेरीत पोचला.

पॅसाडेनात ब्राझीलविरुद्ध १२० मिनिटांत गोल झाला नाही. पेनल्टीला एकेकट्यानेच जायचं असतं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून नुकताच उठलेला बारेसी पहिला गेला, बॅजिओ शेवटचा. दोघांचेही चेंडू गोलखांबाच्या वरून गेले.