जवळ बाळगलेलें पिस्तूल

अमेरिकेंत पुष्कळ नागरिक आत्मरक्षणासाठीं कपड्यांआड पिस्तूल बाळगतात. न्यूयॉर्क राज्यानें १९११ सालीं त्यावर परवान्याचें बंधन घातलें. पुढें विशेष कारण दाखविल्यावांचून परवाना मिळेना. विशेष कारणाची ही अट सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं रद्द केली, आणि आज निम्म्याहून अधिक राज्यांत परवान्याचीहि जरुरी नाहीं. बंधन सैल झालें, तसा सारा भार बाळगणाराच्या शिस्तीवर आला.

नेम अचूक असला म्हणजे झालें, असें पुष्कळांस वाटतें. पण नेम धरण्याचा प्रसंग बहुतेकांच्या वांट्यास कधींच येत नाहीं; पिस्तूल खोंचणें व काढणें मात्र रोजचें. प्लॅक्सिको बरेस हा तेथील नामांकित फुटबॉलपटु. नोव्हेंबर २००८ मध्यें तो न्यूयॉर्कच्या एका नाइट-क्लबांत गेला असतां कमरेला नुसतें खोंचलेलें पिस्तूल घसरलें आणि गोळी त्याच्याच मांडींत शिरली. न्यूयॉर्कचा परवाना नव्हताच. दोन वर्षांची शिक्षा झाली.

म्हणून चाप पूर्णपणें झांकणारें ताठ म्यान हवें, आणि बोट चापापासून दूर हवें.

काडतुसांची पेटी, म्हणजे मॅगझिन, काढली कीं पिस्तूल रिकामें झालें, हा समज तर फारच घातक. एक काडतूस नळीमागच्या कोठींत राहिलेलें असूं शकतें. आधीं पेटी काढावी, मग वरचा सरकता भाग मागें ओढून कोठी डोळ्यांनीं व बोटानें तपासावी. हा क्रम उलटला, तर पेटींतलें नवें काडतूस कोठींत चढतें. पेटी मागाहून निघते, आणि रिकामें समजून चाप दाबला जातो.