‘करण्यात येत आहे’ : विधिमंडळातील प्रश्नोत्तरे आणि स्थानिक संस्थांचे उत्तरदायित्व

विधिमंडळाच्या अधिवेशनात तारांकित प्रश्नोत्तरांच्या ज्या याद्या छापल्या जातात, त्यांच्याकडे भाषाभ्यासकाचे लक्ष सहसा जात नाही. राज्यशास्त्राचा अभ्यासक त्यांतील विषय पाहतो, बातमीदार त्यांतील वाद पाहतो. वाक्यरचना मात्र सर्वांच्याच नजरेतून निसटते. वस्तुतः या याद्या हा मराठी गद्याचा एक अत्यंत ठाशीव प्रकार आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार एका मर्यादित क्षेत्रापुरता करावयाचा आहे. नगरपरिषदा, जिल्हा परिषदा, ग्रामपंचायती आणि स्वयंसेवी संस्था यांच्यासंबंधी आमदार शासनास जे प्रश्न विचारतात, तेवढ्यांपुरता. हे क्षेत्र निवडण्याचे कारण असे की, येथे ज्याला प्रश्न विचारला जातो तो एक असतो आणि ज्याने काम करावयाचे तो दुसराच असतो. अशा वेळी उत्तराच्या वाक्यातील कर्त्याचे काय होते, हा प्रश्न व्याकरणाचा आहे. पण तो केवळ व्याकरणाचा नाही.

विवेचनाच्या सोयीसाठी आपल्याच परिसरातील देगलूर डोळ्यांपुढे ठेवू. तेलंगण आणि कर्नाटक यांच्या सीमांजवळचे, मराठीबरोबर तेलुगू, कानडी व उर्दू ऐकू येणारे हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. हा भाग १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. निजामी राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती आणि प्रजेच्या हाती मुख्यतः एकच साधन होते : अर्ज. प्रौढ मतदानाने निवडलेले सभासद या भागाला प्रथम १९५२ साली हैदराबादच्या विधानसभेत मिळाले. त्यानंतर सभागृहे बदलली. १९५६ पासून मुंबई राज्याचे आणि १९६० पासून महाराष्ट्राचे विधिमंडळ आले. परंतु महत्त्वाचा पालट तो नव्हे. अर्जाची जागा प्रश्नाने घेतली, हा खरा पालट होय. अर्जदार विनंती करतो. तिला उत्तर देणे न देणे हे वरच्याच्या मर्जीवर असते. प्रश्नकर्ता उत्तर मागतो आणि न देणारा दोषी ठरतो.

हा अधिकार ब्रिटिश हिंदुस्थानातही एकदम मिळाला नाही. १८९२ च्या कायद्याने प्रांतिक कौन्सिलांतील सभासदांस प्रश्न विचारता येऊ लागले, पण उत्तरावर उपप्रश्न विचारण्यास मुभा नव्हती. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्यास, आणि १९१९ च्या सुधारणांनंतर इतर सभासदांसही, उपप्रश्न विचारता येऊ लागला. पहिले उत्तर लेखी तयार करून आणलेले असते. उपप्रश्नाचे उत्तर मात्र मंत्र्यास उभ्याने द्यावे लागते. आजही तारांकित आणि अतारांकित प्रश्नांतील मुख्य भेद हाच आहे.

आता प्रश्नाची घडण पाहू. पुढील नमुना केवळ विवेचनासाठी रचला आहे : ‘सन्माननीय नगरविकास मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) देगलूर शहरातील अमुक प्रभागात गेल्या मार्च महिन्यापासून पाणीपुरवठा आठ दिवसांआड होत आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीच्या अनुषंगाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ विषय कोणताही असो, सांगाडा हाच राहतो.

या सांगाड्यात दोन दुबळ्या जागा आहेत. पहिली ‘हे खरे आहे काय’ ही. या एका प्रश्नात प्रभाग, महिना आणि दिवसांचे अंतर अशी तीन विधाने बांधलेली आहेत. त्यांतील एकही चुकले, म्हणजे पाणी मार्चऐवजी एप्रिलपासून अनियमित झाले असले, तरी ‘हे खरे नाही’ हे उत्तर तर्कदृष्ट्या निर्दोष ठरते. दुसरी जागा ‘असल्यास’ या शब्दाची. पुढचे सर्व उपविभाग या शब्दाच्या खुंटीला टांगलेले असतात. खुंटी निघाली की सगळेच खाली येते आणि उत्तराच्या शेवटी ते सुपरिचित वाक्य उमटते : ‘प्रश्न उद्भवत नाही.’ प्रश्न तर विचारलेला असतो, नळही कोरडाच असतो. उद्भवत नाही ते केवळ प्रश्नाचे पूर्वगृहीत.

उत्तराची बाजू अधिक लक्षणीय आहे. ‘कार्यवाही करण्यात येत आहे’, ‘निर्देश देण्यात आले आहेत’, ‘प्रस्ताव सादर करण्याबाबत कळविण्यात आले आहे’ या सर्व वाक्यांत ‘-ण्यात येणे’ ही रचना आहे. मराठीत तिच्यामुळे कर्ता सांगण्याची सक्ती उरत नाही. ‘-कडून’ हे पद घातले तरी चालते, गाळले तरी वाक्य पूर्णच वाटते. ‘मी निर्देश दिले’ म्हणणाऱ्यास पुढे विचारता येते की, ते पाळले गेले काय. ‘निर्देश देण्यात आले आहेत’ या वाक्यापाशी हा दुसरा प्रश्न कोणाला विचारावा, हेच कळेनासे होते. ही रचना सदोष आहे, असे मात्र समजू नये. शासन ही व्यक्ती नसून संस्था आहे, आणि संस्थेच्या कृतीचे निवेदन करण्यास ती सोयीची आहे. दोष तिच्या वापराच्या जागेत आहे.

या क्रियापदांवर किती अवलंबून असते, याचे बोधप्रद उदाहरण मुंबई इलाख्याच्या इतिहासात आहे. ते प्रश्नाचे नसून ठरावाचे आहे. परंतु सभासद, शासन आणि स्थानिक संस्था या तिघांचे नाते त्यात इतके स्पष्ट दिसते की, त्याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कौन्सिलात ठराव आणला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालविलेले, तसेच कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत, अशी त्यात शिफारस होती. ठराव संमत झाला. ११ सप्टेंबर १९२३ रोजी शासनाने त्यावर आज्ञा काढली. आपल्या खात्यांच्या प्रमुखांस अंमलबजावणी करण्यास सांगितले. स्थानिक संस्थांविषयी मात्र कलेक्टरांस अशी विनंती केली की, त्यांनी आपल्या हद्दीतील संस्थांस ही शिफारस स्वीकारण्याच्या इष्टतेचा विचार करण्याचा सल्ला द्यावा.

ही शृंखला सावकाश वाचावी. शासन विनंती करणार, कलेक्टर सल्ला देणार, नगरपालिका विचार करणार, आणि विचार करावयाचा तो पाणवठा खुला करण्याचा नव्हे, तर शिफारस स्वीकारण्याच्या इष्टतेचा. कौन्सिलापासून पाण्यापर्यंत येता येता क्रियापदाचे बळ पायरीपायरीने ओसरत गेले आहे. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. प्रत्यक्षात तळे खुले झाले नाही. ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांनी दुसरा ठराव मांडला : जी नगरपालिका वा लोकलबोर्ड या धोरणाची अंमलबजावणी करण्याचे नाकारील, तिला शासनाने अनुदान देऊ नये. दोन ठरावांतील अंतर लक्षात घेण्यासारखे आहे. पहिल्यात काय असावे हे सांगितले होते. दुसऱ्यात शासनाने स्वतः काय करावे हे सांगितले. कर्ता ठरला आणि त्याच्या हातातील साधनही ठरले.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेस जमलेले लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. १९२३ पासून १९३७ पर्यंत चौदा वर्षे झाली. सभागृहाचा ठराव, शासनाची आज्ञा आणि नगरपालिकेचा ठराव हे तिन्ही कागदावर पूर्ण झाले असता ही वर्षे लागली. देगलूर हा आज अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला विधानसभा मतदारसंघ आहे. तेथील वाचकास हे उदाहरण दूरचे वाटू नये.

आजची कायदेशीर स्थिती निराळी आहे. ७३ व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी १९९३ पासून पंचायती व नगरपालिका यांस घटनात्मक स्थान मिळाले आहे. त्यामुळे ‘ही बाब स्थानिक संस्थेच्या अखत्यारीतील आहे’ या उत्तरास वजन आले आहे, आणि ते काही अंशी योग्यही आहे. आमदाराने प्रभागाच्या गटाराचा हिशेब मुंबईत मागत बसावे, हे स्थानिक स्वराज्याच्या तत्त्वाला पोषक नाही. परंतु १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार मुख्याधिकारी शासन नेमते, जिल्हाधिकारी ठराव स्थगित करू शकतो आणि शासन परिषद विसर्जितही करू शकते. अधिकाराच्या वेळी जो कर्ता असतो, त्यास उत्तराच्या वेळी अकर्ता होता येणार नाही. २०२२ नंतर निवडणुका लांबल्यामुळे राज्यातील अनेक स्थानिक संस्थांचा कारभार प्रशासकांकडे होता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयास त्या घेण्याविषयी आदेश द्यावा लागला. त्या काळात तर स्थानिक संस्था आणि शासन यांतील भेद उत्तरासाठी पुढे करण्यास जागाच नव्हती.

स्वयंसेवी संस्थांच्या बाबतीत कर्ता आणखी विभागलेला असतो. संस्थेची नोंदणी १८६० च्या कायद्याखाली, विश्वस्त म्हणून देखरेख १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांची, अनुदान राज्याच्या एखाद्या खात्याचे, तर परदेशी देणगीची परवानगी केंद्राची. ‘या संस्थेवर कोणती कार्यवाही केली’ असे मोघम विचारल्यास चौघांपैकी कोणीच उत्तर देणार नाही. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर अनेक गावांची पुनर्बांधणी बाहेरच्या संस्थांनी केली. त्यासाठी ‘दत्तक घेणे’ हा शब्द रूढ झाला. शब्द मायेचा आहे. पण दत्तकाचे पालकत्व केव्हा संपते, हे तो सांगत नाही. संस्था परत गेल्यावर घराची, नळाची, रस्त्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची की शासनाची, याचे उत्तर त्या शब्दात नाही. ते करारात आणि आदेशात शोधावे लागते.

या सर्वांवरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. ‘हे खरे आहे काय’ या रूपात ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढ्यावरच उत्तर संपू शकते. कोणी, केव्हा, कोणत्या कलमाखाली, किती रक्कम, अशा क-शब्दांनी विचारलेल्या प्रश्नाचे तसे होत नाही. देगलूरच्या पाण्याविषयी ‘पुरवठा अनियमित आहे, हे खरे आहे काय’ याऐवजी ‘या योजनेसाठी शासनाने कोणत्या दिनांकास किती अनुदान वितरित केले, आणि ते खर्च न झाल्याचे मुख्याधिकाऱ्यांनी शासनास केव्हा कळविले’ असे विचारले, तर ‘उद्भवत नाही’ हे उत्तर देणे फार अवघड होईल. सभागृहात मंत्र्याने आश्वासन दिले, तर त्याचा पाठपुरावा करण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते. जिल्हा परिषदांच्या कारभारासाठी पंचायती राज समिती असते. या समित्यांनाही धरावयास काहीतरी हवे असते, आणि ते म्हणजे कर्ता असलेले वाक्य.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांस एक सुचवावेसे वाटते. नांदेड व लातूर या जिल्ह्यांसंबंधीची एका अधिवेशनातील प्रश्नोत्तरे घ्यावीत, प्रत्येक उत्तरातील क्रियापदे वेगळी काढावीत आणि प्रत्येकापुढे त्याचा कर्ता लिहावा. जेथे कर्ता लिहिता येणार नाही, तेथे रिकामी जागा सोडावी. त्या रिकाम्या जागांची यादी हा भाषाशास्त्राचा एक छोटा प्रबंध होईल. आणि देगलूरच्या नागरिकाने पुढचा प्रश्न कोठे विचारावा, हेही ती यादी त्यास सांगू शकेल.