बाटली क्रमांक ५३-एन

प्लेगच्या साथीची आठवण मराठी माणसाकडे दोन-तीन ठळक खुणांनी शिल्लक आहे. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेलेल्या सावित्रीबाई फुले, पुण्यातला रँडचा जुलूम आणि त्याच वर्षी २२ जूनला चापेकरांनी झाडलेल्या गोळ्या. या आठवणीत वाल्देमार हाफकिन क्वचितच येतो. परळच्या संस्थेवर त्याचे नाव आहे, पण त्या नावामागे काय घडले हे विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. मला या माणसाच्या शोधाइतकेच त्याच्यावर आलेले किटाळही महत्त्वाचे वाटते.

हाफकिनचा जन्म १८६० साली ओडेसात, ज्यू कुटुंबात झाला. तो मेचनिकॉफचा विद्यार्थी. रशियात ज्यूंना विद्यापीठाची दारे जवळपास बंदच होती. धर्म बदलायची त्याची तयारी नव्हती, म्हणून तो पॅरिसला गेला आणि पाश्चर संस्थेत सुरुवातीला ग्रंथालयातले काम पत्करले. १८९२ साली त्याने पटकीची लस तयार केली आणि ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी तो कलकत्त्याला आला.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला, तेव्हा सरकारने त्याला इकडे बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला जी जागा मिळाली तिला प्रयोगशाळा म्हणणे हा जरा मोठेपणाच झाला. लस करण्याची त्याची रीत मात्र पाहण्यासारखी आहे. मांसाच्या काढ्यात त्याने तुपाचे थेंब सोडले. तूप वर तरंगते, प्लेगचे जंतू त्याला धरून वाढतात आणि गुहेच्या छताला लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे खाली उतरतात. भांडे हलवले की सुळके तळाशी बसतात आणि वर नवे वाढू लागतात. असे बरेच जंतू जमले की उष्णता देऊन ते मारायचे, वर थोडे कार्बॉलिक आम्ल घालायचे, की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती स्वतःला टोचली. त्याच महिन्याअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तयार झालेल्या कैद्यांना लस दिली गेली, बाकीच्यांना नाही. न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. टोचलेल्यांत दोघे आजारी पडले, मेला कोणीच नाही. आकडे लहान आहेत, पण तुलनेसाठी दुसरा गट ठेवायची ही शिस्त त्या काळात दुर्मीळ होती. पुढे आगाखानांनी त्याला जागा दिली आणि १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्रयोगशाळा थाटली गेली.

घात झाला तो पंजाबात. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मल्कोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचली. त्यांपैकी १९ जण काही दिवसांत धनुर्वाताने मेले. या सगळ्यांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती, क्रमांक ५३-एन. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून टोचलेले लोक ठणठणीत राहिले. म्हणजे दोष त्या बाटलीतच होता. ती दूषित झाली ती परळला की खेड्यात, एवढाच प्रश्न होता.

चौकशी समितीने परळकडे बोट दाखवले. वाढती मागणी भागवण्यासाठी हाफकिनने कृती बदलली होती आणि कार्बॉलिक वगळले होते, हे त्याच्याविरुद्ध गेले. मला हा तर्क लंगडा वाटतो. एक तर, धनुर्वाताचे बीजाणू इतके चिवट असतात की लशीतल्या किंचितशा कार्बॉलिकाने ते मरत नाहीत. दुसरे, हे जंतू बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढत असते तर तिला घाण वास यायला हवा होता. टोचण्याआधी डॉक्टरांनी ती हुंगली होती आणि त्यांना तसा वास आला नव्हता. तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी. त्या बाटलीचे बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे बीजाणू राहतात तेच मुळी मातीत!

एवढे असूनही हाफकिनला परळ सोडावे लागले. लंडनच्या लिस्टर संस्थेचा निर्वाळा त्याच्या बाजूने होता, पण सरकारी चक्र हलायला वर्षे लागली. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि आणखी काही शास्त्रज्ञांनी ‘टाइम्स’ला पत्र लिहून त्याच्यावरचा आरोप टिकत नाही असे जाहीरपणे सांगितले. रॉस हा मलेरियाचा संशोधक, नोबेल मिळालेला. त्याचे म्हणणे बाजूला सारणे सोपे नव्हते. हाफकिनला पुन्हा नोकरी मिळाली, पण कलकत्त्यात, आणि लस बनवण्याचे काम त्याच्याकडे परत आले नाही. नोकरी परत दिली आणि काम काढून घेतले. याला न्याय म्हणायला माझी जीभ अडखळते.

पुढे त्याने भारत सोडला. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्याचे नाव देण्यात आले. तो तेव्हा हयात होता. पाच वर्षांनी लोझानला वारला.