हौशी कोण आणि धंदेवाईक कोण?

खेळाडू हौशी कीं धंदेवाईक, हा प्रश्न वरवर पाहतां मैदानावरचा वाटतो. वस्तुतः तो न्यायालयाचा आहे, आणि त्याचा पुरता निकाल अद्यापि लागावयाचा आहे.

इंग्लंडांतील हेन्ली येथील नौकास्पर्धेच्या १८७९ च्या नियमांनीं कारागीर व मजूर यांस हौशी मानण्याचेंच नाकारलें. हाताला घट्टे पडलेल्या मनुष्यास वल्ह्याला हात लावण्याची बंदी! हौस ही पोटाची चिंता नसलेल्यांची मिरास ठरली. हीच कल्पना पुढें ऑलिंपिकच्या नियमांत शिरली, आणि तिचा सर्वांत प्रसिद्ध बळी म्हणजे जिम थॉर्प.

थॉर्प हा अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकीं सॅक अँड फॉक्स जमातीचा. १९१२ सालीं स्टॉकहोम येथें पेंटॅथ्लॉन व डेकॅथ्लॉन, म्हणजे पांच व दहा प्रकारांच्या दोन्ही स्पर्धांत त्यानें सुवर्णपदकें मिळविलीं. पुढल्याच जानेवारींत वृत्तपत्रांत बातमी आली कीं, १९०९ व १९१० सालीं हा नॉर्थ कॅरोलिनांत थोडेसे पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. त्या काळीं कॉलेजांतले कितीतरी विद्यार्थी असेंच खेळत. मात्र ते खोटें नांव धारण करीत. थॉर्पनें खरें नांव लावलें, आणि तेंच त्याच्या अंगाशीं आलें. त्यानें आरोप कबूल केला; पदकें परत घेण्यांत आलीं.

आतां कायद्याची बाजू श्रोत्यांनीं नीट ध्यानांत घ्यावी. त्या स्पर्धेच्याच नियमांत असें होतें कीं, कोणाच्या हौशीपणाविषयीं हरकत घ्यावयाची तर ती स्पर्धा संपल्यापासून तीस दिवसांच्या आंत घेतली पाहिजे. येथें तर सुमारें सहा महिने उलटले होते. मुदतबाह्य दावा चालत नाहीं, हें तालुक्याच्या गांवचा नवशिका वकीलहि सांगेल. परंतु दाद मागावी कोणाकडे? नियम करणारांनींच तो मोडला होता, आणि त्यांच्यावर न्यायाधीश कोणी नव्हता. थॉर्प १९५३ सालीं वारला. १९८२ सालीं ऑलिंपिक समितीनें त्याला पुन्हा विजेता मानलें, पण इतरांच्या जोडीनें. एकमेव विजेता म्हणून त्याचें नांव लागलें तें २०२२ सालीं. डेकॅथ्लॉनमध्यें दुसरा आलेला स्वीडनचा ह्यूगो वीस्लांडर हा मात्र खरा विजेता थॉर्पच असें नेहमीं मानीत आला होता, हें नमूद केलेंच पाहिजे.

ऑलिंपिकनें हौशीपणाची अट पुढें सोडली. अमेरिकन कॉलेजांनीं ती धरून ठेवली. फुटबॉल व बास्केटबॉलच्या सामन्यांवर संस्था कोट्यवधि डॉलर मिळवीत, पण खेळणारास शिष्यवृत्तीपलीकडे फारसें कांहीं मिळूं नये असा त्यांचा आपसांतला नियम होता. २०२१ सालीं ऑल्स्टन खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या नऊहि न्यायमूर्तींनीं एकमतानें ठरविलें कीं, शिक्षणाशीं निगडित लाभांवर अशी मर्यादा घालणें हा १८९० च्या मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग होय. ६ जून २०२५ रोजीं दुसऱ्या एका खटल्यांत तडजोड मंजूर झाली: पूर्वीच्या खेळाडूंना सुमारें २८० कोटि डॉलर भरपाई, आणि पहिल्या वर्षीं प्रत्येक संस्थेस आपल्या खेळाडूंना सुमारें दोन कोटि पांच लक्ष डॉलरपर्यंत वांटण्याची मुभा.

आतां पुढचे वाद उभे आहेत. हा पैसा पुरुषांच्या फुटबॉलकडेच वाहिला, तर स्त्रियांस शिक्षणसंस्थांत समान संधि देणाऱ्या १९७२ च्या कायद्याचें काय? खेळाडू हा संस्थेचा नोकर ठरतो काय, आणि त्याला किमान वेतन मागतां येतें काय? या दुसऱ्या प्रश्नावर फिलाडेल्फिया येथील अपील न्यायालयानें २०२४ सालीं असें म्हटलें कीं, खेळाडू नोकर असूं शकतो. केवळ हौशी म्हटल्यानें त्याचा तो दावा बुडत नाहीं.