बारमाही सर्दी आणि नाकातला फवारा

पोराला बारा महिने सर्दी. सकाळी उठले की शिंका. नाक चोंदते, खाजते. पण ताप नाही. अशी सर्दी बहुधा धुळीतल्या बारीक किड्यांमुळे होते. तिला ॲलर्जी म्हणतात.

डॉक्टर नाकात मारायचा फवारा देतात. त्यात स्टिरॉइड असते. नाव ऐकूनच आईबाप घाबरतात. "पोराची उंची खुंटेल," म्हणतात आणि औषध बंद करतात.

ही भीती अगदीच खोटी नाही. २००० साली मुलांवरच्या दोन तपासण्या प्रसिद्ध झाल्या. बेक्लोमेथासोन हे जुने औषध. ते वर्षभर घेणाऱ्या मुलांची वाढ थोडी मंदावली. मोमेटासोन हे नवे औषध. ते वर्षभर घेणाऱ्यांची वाढ मंदावली नाही. ते रक्तात फारच थोडे उतरते. नाकाला गुण मात्र दोन्हींचा येतो.

म्हणून डॉक्टरांना विचारा, "फवाऱ्यात कोणते औषध आहे? या वयाला चालते का?" मग सांगतील तसा रोज मारा. पुरा गुण यायला काही दिवस लागतात. नाकाच्या मधल्या पडद्यावर मारू नका, रक्त येते. फवाऱ्याचे तोंड बाहेरच्या बाजूला वळवा.

आणि दर सहा महिन्यांनी भिंतीवर पोराच्या उंचीची खूण करा. खूण वर सरकली नाही, तर डॉक्टरांना सांगा.